कनकाबाईंनी हलवलेला बाक

कनकाबाई बसत नसत. ऐकीव सांगत नाही, सात वर्षं डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. अंबत्तूरहून अण्णा नगरला येणारी बस अर्धी रिकामी असली तरी त्या दांड्याला धरून उभ्या. शाळेच्या स्टाफरूममध्ये त्यांची एक खुर्ची होती, तिच्यावर दोरीउड्यांच्या दोऱ्या आणि फुटलेले चेंडू पडलेले असत. आमच्या घरी आल्या की स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभ्या उभ्या कॉफी पीत. मी "अहो, बसा की" म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, "उभें राहूनच बरें वाटतें मला." सुरुवातीला मला तो शिष्टपणा वाटायचा. मी सोलापूरची. आलेलं माणूस दारात उभं राहून परत गेलं तर आमच्याकडे घरच्या बाईला ते लागतं.

त्या मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवत. अंगानं काटक, रंगानं सावळ्या, कमीजवर ओढणी आडवी घेऊन कमरेला गाठ मारलेली, गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि एवढ्या सगळ्या शिपाईगिरीत वेणीवर रोज न चुकता मल्लीचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा. मुली त्यांना कनका मिस म्हणत आणि घाबरत. माझी त्यांच्याशी ओळख झाली ती भांडायला गेले म्हणून.

माझी मुलगी ऊर्मी तेव्हा आठवीत होती. बुधवारी त्यांना पांढरा गणवेश असायचा. त्या बुधवारी ती घामानं निथळत घरी आली आणि म्हणाली, "आई, आज माझा दुसरा दिवस होता, तरी कनका मिसनी मला ग्राउंडला दोन राउंड मारायला लावले." माझं डोकंच फिरलं. माझ्या आजोळी कावळा शिवला की बायका चार दिवस बाजूला बसत. माझ्या आईनं ते सगळं मोडीत काढलं होतं, पण 'त्या दिवसांत दगदग नको' एवढं तिनंही धरून ठेवलं होतं आणि तेवढंच मी सासरी आणि पुढे चेन्नईपर्यंत आणलं होतं. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी शाळेत गेले. केंद्र सरकारच्या कचेरीत मी कारकून आहे. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यावं लागतं, त्यामुळे कुणाला सुनावण्याची संधी आली तर मी सोडत नाही.

तमिळमध्ये भांडण्याइतकी तमिळ मला तेव्हा येत नव्हती. मी इंग्रजीत सुरुवात केली आणि राग चढत गेला तशी मराठीवर घसरले. बाई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. माझा तोंडाचा पट्टा थांबला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "झालें बोलून? पाणी पिता काय?"

तंजावरकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत हे ऐकून होते, पण असं तोंडावर पाणी मारल्यासारखं मराठी ऐकायची तयारी नव्हती. शब्द आपल्या पणजीचे आणि हेल थेट तमिळ. त्यांनी मला मैदानाच्या कडेला नेलं आणि एका करंजाच्या झाडाकडे बोट दाखवलं. झाडाखाली काहीच नव्हतं, सिमेंटचे दोन ओरखडे होते फक्त.

"इथें बाक होता," त्या म्हणाल्या. "माझ्या तासाला चार-पाच मुली रोज येऊन सांगायच्या, मिस, तलैवलि. डोकें दुखतें. मग बाकावर बसायच्या. कसली डोकेदुखी तें अस्की, सगळी शाळा जाणती. वॅनचा ड्रायव्हर जाणतो, गणिताचे सर जाणतात, आज कोण बसली आहे तें. मी मुलींना विचारलें, बसून बरें वाटतें काय? नाहीं म्हणाल्या. मग कशाला बसतां? म्हणाल्या, बसायचें असतें म्हणून. मी बाक हलवला."

मग त्यांनी मला त्यांचं सगळं काम दाखवलं. प्रिन्सिपलांच्या मागे लागून त्यांनी पी.टी.साठी पांढऱ्याऐवजी गडद निळी पँट आणवली होती, पण ती अजून सगळ्या वर्गांना मिळायची होती. कपाटात जास्तीचे पॅड, जुन्या वर्तमानपत्राच्या घड्या, एक गरम पाण्याची रबरी पिशवी, ओव्याची बाटली. पहिल्या दिवशी पळायचं नाही, नुसतं चालायचं. कळ आली की चटईवर गुडघे टेकून पुढे वाकायचं, पाठ मांजरीसारखी वर-खाली करायची, श्वास सोडताना पोट सैल सोडायचं. कमरेचं इलॅस्टिक घट्ट नको. दुसऱ्या दिवसापासून जमेल तसं पळा. "ऊर्मीला विचारा, पळून झाल्यावर दुखणें कमी झालें कीं वाढलें." घरी येऊन मी विचारलं. ऊर्मी खांदे उडवून म्हणाली, "कमी झालं. ते सांगायचंच राहिलं." कपाळावर मारून घ्यावंसं वाटलं मला.

तर असं ते भांडण संपलं आणि मला चेन्नईत पहिल्यांदा कुणीतरी आपलं माणूस मिळालं. माझा नवरा विद्याधर आवडी नावाच्या उपनगरातल्या संरक्षण कारखान्यात. सकाळी सहाला घर सोडायचा तो संध्याकाळी दमून यायचा. मला बोलायला कुणी नव्हतं. रविवारी सकाळी कनकाबाई अंबत्तूरहून येत आणि आम्ही दोघी पार्कात चालायचो. चाळिशीनंतर माझंही तंत्र बिघडलं होतं, कंबर धरायची, चिडचिड व्हायची. त्यांनी मला चालायला लावलं, पाठीचे व्यायाम शिकवले, झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्यायला सांगितली. खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हणूनच पुढचं सगळं सांगताना मला माझीच जास्त लाज वाटते. मला बरं वाटलं ते माझ्या मुलीलाही वाटेल, असं मी धरून चालले.

त्या का बसत नाहीत, हे मला अशाच एका रविवारी कळलं. सोळाव्या वर्षी त्या आठशे मीटर धावायच्या. वडील राममूर्ती रेल्वेत पार्सल क्लार्क. त्यांनी कुणाच्या तरी हातापाया पडून मुलीसाठी खिळ्यांचे बूट मिळवले होते. राज्याच्या संघासाठी निवड होती, पेरंबूरला. निवडीच्या दिवशी पहाटे त्यांची पाळी आली. आई सरोजा कर्मठ बाई. मागच्या पडवीत चटई अंथरलेली होती, शेजारी वेगळं ताट, वेगळा तांब्या. आई म्हणाली, बस तिकडे.

"अप्पा दारांत उभे होते," कनकाबाई म्हणाल्या. "माझी बॅग हातांत. मी त्यांच्याकडे पाहिलें. आई म्हणाली, नाहीं म्हणजे नाहीं. अप्पांनी बॅग खालीं ठेवली आणि कामावर गेले. तीन दिवस मी त्या चटईवर बसलें. बाहेर बसून मी मनांत धावत होतें, अलकाबाई. दोन फेऱ्या, परत दोन फेऱ्या. चौथ्या दिवशीं उठलें तें उठलें."

मी तेव्हा रडले होते, त्या नाही. पुढे एकदा त्यांच्या घरी गेले तेव्हा राममूर्तींनाही भेटले. नव्वदीला टेकलेले, ऐकू कमी येणारे. कनकाबाई आत कॉफी करत होत्या. म्हातारबुवा मला म्हणाले, "निवडीच्या दिवशीं मी बॅग खालीं ठेवली, तें चुकलें." त्या गोष्टीला तेव्हा पस्तीस वर्षं होऊन गेली होती. मुलीला हे कधी सांगितलंत का, असं मी विचारलं. त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलंही असेल.

नववीत ऊर्मी शाळेच्या रिले संघात आली. तिसऱ्या टप्प्यात धावायची. गडद निळी पँट, दोन वेण्या, हातात बॅटन. शनिवारच्या सरावाला मी शाळेच्या फाटकाजवळ तिची वाट पाहत बसायची. तिथे झाडाच्या सावलीत एक छान सिमेंटचा बाक होता, पालकांसाठी. कनकाबाईंनी हलवलेला बाक तो हाच, हे मला बऱ्याच उशिरा लक्षात आलं. तोवर मी त्याच्यावर बसून किती तरी दुपारी शेंगदाणे खाल्ले होते.

नववीच्या शेवटीशेवटी ऊर्मीचं दुखणं वाढायला लागलं. ते आधीसारखं नव्हतं. पहिले दोन दिवस तिला उलट्या व्हायच्या, पाय गळून जायचे, संडासला बसलं तरी आतून सुरी फिरल्यासारखं व्हायचं. तिनं ते मला सांगितलं. मी म्हटलं, "मिसनी शिकवलंय तसं कर, बरं वाटेल." तिनं ते कनकाबाईंनाही सांगितलं. त्या लाडानं म्हणाल्या, "चाल कण्णा, दहा मिनिटें चाल. बसलीस तर जास्त दुखेल." दोघींचं उत्तर एकच आल्यावर त्या पोरीनं तिसऱ्या कुणाकडे जायचं?

दहावीतल्या एका बुधवारची गोष्ट ऊर्मीनं मला फार नंतर सांगितली. पी.टी.च्या तासाला ती मिसपाशी जाऊन म्हणाली होती, "मिस, मला आज बसू द्या." बाक तर नव्हताच. ती करंजाखाली मातीतच बसली, पोट धरून. कनकाबाई आल्या, तिच्या दोन्ही हातांना धरून तिला उभं केलं आणि म्हणाल्या, "ऊठ. माझ्या मैदानावर या कारणानें कोणी बसत नाहीं." रागानं नाही म्हणाल्या. ऊर्मी म्हणते, मिसच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या क्षणी त्यांच्यापुढे ऊर्मी नव्हतीच, पडवीतली कनका होती, असं मला आता वाटतं. तेव्हा कळलं असतं तरी काय उपयोग होता कोण जाणे. ऊर्मी उठली आणि दोन फेऱ्या धावली. तिनं पुन्हा कधी बसायला मागितलं नाही.

मग कोविड आला आणि शाळा घरात आली. इथे मला कुणाच्या आड लपता येत नाही, कारण अकरावी-बारावीची दोन वर्षं ती पोर माझ्या डोळ्यांसमोर होती. कनकाबाई मोबाइलच्या पडद्यावर उभ्या राहून मुलींना व्यायाम सांगायच्या आणि ऊर्मी चटईवर पुढे वाकलेली असायची. तास संपला तरी ती वाकलेलीच राहायची. मी म्हणायची, "चल, गच्चीवर दोन चकरा मारून ये." ती जायची. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरलेला मला दिसत होता. विद्याधरनं एकदा विचारलं, "डॉक्टरला दाखवायचं का हिला?" मी म्हटलं, "अहो, प्रत्येकीला होतं हे, तुम्हाला नाही कळायचं." त्यानं पेपर पुन्हा डोळ्यांसमोर धरला. आमच्या घरात बॅग अशी खाली ठेवली गेली, आणि ती मी ठेवली.

ऊर्मी हळूहळू बोलायची थांबली. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणायची, दोन घ्यायच्या तिथे चार घ्यायची. ते मला तिच्या दप्तराच्या खिशात नंतर सापडलं. मी आणि कनकाबाई रविवारी पार्कात चालताना खूश होतो. ऊर्मी आता तक्रार करत नाही, शहाणी झाली, असं आम्ही एकमेकींना सांगायचो.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना ती वेलचेरीला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहत होती. एका सकाळी वेलचेरी स्टेशनच्या जिन्यावर ती कोसळली. मैत्रिणीनं फोन केला तेव्हा मी कचेरीत जागेवर डबा उघडत होते. तिथून हॉस्पिटलपर्यंत कशी पोचले ते मला आजही नीट आठवत नाही. डाव्या अंडाशयावर गाठ झाली होती, ती आत फुटली होती. संध्याकाळपर्यंत ऑपरेशन झालं. ते अंडाशय काढावं लागलं. आतडं एके ठिकाणी चिकटलं होतं, ते सोडवलं. दुसऱ्या बाजूलाही थोडी सुरुवात होती.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला खोलीतच समजावून सांगितलं. गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं तसलंच बाहेर भलत्या जागी वाढतं, दर महिन्याला तेही सुजतं, रक्त सोडतं, आतल्या आत जखमा होत राहतात. एंडोमेट्रिऑसिस. मी विचारलं, "ती पाळीत धावायची, त्यानं झालं का?" त्या म्हणाल्या, नाही. व्यायामानं हे होत नाही. साध्या कळा व्यायामानं कमी होतात, ते खरंच आहे. हिच्या कळा साध्या नव्हत्या. लवकर आला असतात तर कदाचित औषधांवर आटोक्यात राहिलं असतं.

मग त्यांनी ऊर्मीला विचारलं, "असं दुखायला कधीपासून लागलं?"

"नववीपासून."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

ऊर्मी छताकडे पाहत होती. "सांगितलं होतं," ती म्हणाली.

तिचा आवाज चढला नाही की काही नाही. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. विद्याधर खिडकीकडे वळला.

आठवड्याभरानं आम्ही तिला अण्णा नगरला घरी आणलं. कनकाबाईंना मी कळवलं नव्हतं. शाळेतल्या कुणाकडून तरी त्यांना कळलं आणि त्या आल्या. दार उघडलं तेव्हा त्या शाळेतून तशाच आलेल्या, गळ्यात शिट्टी, बुटांना मैदानाची लाल माती. हातात काही नव्हतं. चेहरा राखेसारखा झाला होता. मी त्यांना आत घेतलं नाही.

आठ दिवस मी स्वतःला खात होते. त्यातलं सगळं मी त्यांच्या अंगावर ओतलं. पहिल्या भेटीसारखंच, फक्त या वेळी मराठीतच सुरुवात केली. शेवटी म्हणाले, "तुमच्या आईनं तुम्हाला तीन दिवस बसवलं, कनकाबाई. तुम्ही माझ्या मुलीला चार वर्षं उभं ठेवलंत."

त्यांनी चौकटीवर हात टेकला. मला वाटलं, आता त्या 'तुम्हींही तेंच सांगत होता' असं म्हणतील. मला ते हवं होतं, म्हणजे भांडता आलं असतं. त्या वळल्या आणि निघाल्या. जिन्यानं खाली उतरताना त्यांचे बूट वाजले नाहीत, इतक्या हळू उतरल्या. आत ऊर्मी जागी होती. ती म्हणाली, "आई, तू मिसना एकटीला का ओरडलीस?" मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

चार महिने गेले. रविवारी मी पार्कात जाईनाशी झाले. ऊर्मीला हार्मोनच्या गोळ्या सुरू होत्या, त्यानं तिचं वजन वाढलं, केस गळायला लागले. पाळी बंद होती तरी मधूनच कळ यायची. ती खरोखरच चालायला जायची, संध्याकाळी, सावकाश, स्वतःच्या मनानं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, झेपेल तेवढं चाल, ताण घे, दुखलं की थांब. ते 'दुखलं की थांब' एवढंच आमच्या शिकवणीत राहून गेलं होतं. मूल होईल की नाही याबद्दल डॉक्टरीणबाई 'बघू' म्हणाल्या होत्या. एकोणीस वर्षांच्या मुलीपुढे तो शब्द महिनोन्‌महिने घरात पडून होता आणि आम्ही तिघंही त्याला वळसा घालून वावरत होतो.

जुलैत तिला बारावीचं कुठलंसं मूळ प्रमाणपत्र हवं होतं, म्हणून शाळेत जायचं निघालं. मी म्हटलं, मी एकटी घेऊन येते. ती म्हणाली, नको, मी येते. फाटकाजवळ पोचलो तर पालकांचा बाक जागेवर नव्हता. दोन आया भिंतीच्या सावलीत चपला काढून उभ्या होत्या आणि शाळेला नावं ठेवत होत्या.

बाक करंजाखाली परत आला होता. उचलून आणताना एक कोपरा फुटलेला, पाय जरा तिरके बसवलेले. त्यावर दोन मुली बसल्या होत्या, एक पाय लांब करून पुस्तक वाचत होती, दुसरी रबरी पिशवी पोटाशी धरून बसली होती. मैदानावर बाकीच्या मुली धावत होत्या, त्यात कुणाचा कितवा दिवस होता ते कळायला मार्ग नव्हता. कनकाबाई वहीत काहीतरी लिहून घेत पिशवीवालीशी बोलत होत्या. "किती महिने झाले, जननी? उलटी होते काय? आईला उद्यां घेऊन ये. येत नाहीं म्हणाली तर मी घरीं येतें." त्यांच्या वेणीत गजरा नव्हता. चार महिन्यांत त्या दहा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्या होत्या.

त्यांनी आम्हाला पाहिलं आणि वही मिटली. मी फाटकापाशीच थांबले. ऊर्मी मैदान आडवं ओलांडून गेली, तिची ती जुनी धावण्याची जागा तुडवत, हळूहळू. घंटा झाली. दोघी मुली उठून वर्गात गेल्या. ऊर्मी रिकाम्या बाकावर बसली. कनकाबाई तिच्यासमोर उभ्या, हात पाठीमागे, वर्गाबाहेर काढलेल्या मुलीसारख्या. मी जवळ गेले, पण दोघींपैकी कुणीही माझ्याकडे पाहिलं नाही.

"मिस, बसा," ऊर्मी म्हणाली.

कनकाबाईंनी मान हलवली. नेहमीचं वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं मी पाहिलं. ते बाहेर आलं नाही.

"बसा ना, मिस. मला मान वर करून बोलायला त्रास होतो."

त्या बसल्या. बाकाच्या अगदी कडेला, गुडघे जुळवून, शिट्टी मुठीत धरून, कुणी ऊठ म्हणेल म्हणून वाट पाहत असल्यासारख्या. त्यांना बसता येत नव्हतं. पाठ टेकायची की नाही, हात कुठे ठेवायचे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. सात वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा बसलेलं पाहत होते आणि मला ते पाहवत नव्हतं. मला वाटलं, आता त्या ऊर्मीची क्षमा मागतील, ऊर्मी त्यांचा हात धरेल, आणि माझीही सुटका होईल. तसं काही झालं नाही. करंजाची बारीक फुलं वहीवर पडत होती आणि कनकाबाई ती झटकत नव्हत्या.

मग ऊर्मीनं ओटीपोटावर हात ठेवला आणि जरा पुढे वाकली.

"मिस," ती म्हणाली, "दुखतंय."

मी पुढे झाले. माझ्या तोंडात शब्द तयारच होते, चल, घरी जाऊ, गोळी घेतलीस का, जरा चाल. कनकाबाईंनी मला हातानं थांबवलं. त्या तिच्याकडे वळल्या आणि त्यांनी विचारलं, "कुठें?"

पाच वर्षं त्या पोरीला दुखत होतं. हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. ऊर्मी रडायला लागली आणि रडत रडत बोट ठेवून दाखवू लागली, इथे, आणि इथे, आणि मागे इथे. कनकाबाई मान हलवत एकेक जागा ऐकत होत्या. मला बाकावर जागा होती, पण मी उभीच राहिले.